नायिकेचा फोन रात्री कुठे असतो?

पत्र

ताई, नमस्कार.

गेली दोन वर्षं मी एक कादंबरी लिहिते आहे. माझी नायिका दिवसा फिजिओथेरपिस्ट आहे. रात्री ती अंगातल्या अचाट बळाने कोसळलेल्या इमारतींखालून, बुडालेल्या गाड्यांमधून माणसं बाहेर काढते. डोळ्यांभोवती काळा मुखवटा बांधते. ती कोण, हे कुणालाच ठाऊक नाही, तिच्या आईलासुद्धा नाही. पाचव्या प्रकरणात एक पेशंट तिलाच तिचा व्हिडिओ दाखवून म्हणतो, "बघा, काय बाई आहे!" हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

अकरा प्रकरणं झाल्यावर धाकट्या भावाला वाचायला दिली. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. वाचून म्हणाला, "अगं, ही दोन दिवसांत पकडली जाईल. कॅमेरे आहेत, फोन आहे, चेहरा ओळखणारी यंत्रं आहेत." तेव्हापासून एक ओळ लिहून झालेली नाही.

तीन वाटा सुचतात. गोष्ट १९८५ सालात नेऊन ठेवायची. मुखवट्यातच अशी जादू घालायची की पाहणाऱ्याला चेहरा आठवूच नये. किंवा तिला एक संगणकतज्ज्ञ मित्र द्यायचा, जो मागे राहिलेलं सगळं पुसत जाईल. चौथी वाट म्हणजे गुपितच सोडून देणं, पण गुपित गेलं तर माझी गोष्टच जाते. काय करू?

— अडकलेली लेखिका

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी भावाचे आभार मान. पुस्तक छापून झाल्यावर हा प्रश्न प्रत्येक वाचकाने विचारला असता. त्याने तो अकराव्या प्रकरणाशीच विचारला, हे बरं झालं. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॅमेरे आहेत, फोन आहे, यंत्रं आहेत. पण म्हणून ती दोन दिवसांत पकडली जाईल, असं होत नाही. यंत्राला चेहरा दिसणं वेगळं आणि कुणाच्या तरी मनात 'ही तीच तर नाही?' असा प्रश्न उठणं वेगळं. या दोन गोष्टींच्या मधे जी जागा आहे तिथेच तुझी कादंबरी घडायला हवी.

तुझ्या वाटांबद्दल थोडक्यात सांगते. १९८५ मध्ये गेलीस तर पाचवं प्रकरण गेलं, कारण तेव्हा कुठलाही पेशंट खिशातून व्हिडिओ काढून दाखवू शकत नव्हता. जो प्रसंग तुला सर्वांत जवळचा वाटतो तोच आजच्या काळाशिवाय उभा राहत नाही. हीच गोष्ट तुला कुठल्या काळात राहायचं ते सांगते आहे. जादूचा मुखवटाही नको. वाचक एक चमत्कार मोकळ्या मनाने मान्य करतो आणि तो तू तिच्या बळासाठी वापरलेला आहेस. दुसरा चमत्कार केवळ लेखिकेची अडचण सोडवायला आला आहे, हे त्याला लगेच कळतं. संगणकतज्ज्ञ मित्राबद्दल माझी तक्रार जास्त गंभीर आहे, तिच्याकडे पुढे येते. गुपित सोडून देण्याची वाट मात्र वाईट नाही. २००८ साली पडद्यावर आलेल्या आयर्न मॅनने शेवटी पत्रकारांसमोर आपलं नाव सांगूनच टाकलं आणि ते त्या माणसाच्या स्वभावाला शोभलं. तुझ्या नायिकेला ते शोभणार नाही. ती रोज लोकांच्या दुखऱ्या पाठींना हात लावते, आणि लोक निर्धास्तपणे तिच्यासमोर पालथे झोपतात. ती कोण हे कळल्यावर ते तसं झोपू शकणार नाहीत. तिचं गुपित कशासाठी आहे, असं कुणी विचारलं तर हेच उत्तर आहे. कादंबरीत ते अजून आलं नसेल तर लवकर आण.

आता मुख्य गोष्ट. सुपरमॅन १९३८ साली आला तेव्हा एक चष्मा आणि वाकलेले खांदे एवढ्यावर भागलं. त्यामुळे आपल्याला सवय लागली आहे की गुप्त ओळख म्हणजे चेहरा झाकणं. पण तुझ्या नायिकेचा मुखवट्यातला अवतार सगळ्या जगाने पाहिला आहे आणि तिचा मोकळा चेहरा रोज कितीतरी पेशंट पाहतात. दोन्ही उघड्यावरच आहेत. झाकायचा आहे तो दोघींमधला दुवा. तिचं प्रत्येक पाऊल, प्रत्येक चूक, प्रत्येक नातं या एका कसोटीवर तपास: यामुळे दुवा उघडा पडतो का?

आपल्याकडची या विषयावरची गोष्ट तुला पाठ असेल, पण ती पुन्हा एकदा लेखिकेच्या नजरेने वाच. अज्ञातवासात पांडवांनी चेहरे फारसे बदललेच नाहीत. भीम मुदपाकखान्यात बल्लव झाला. तिथे दणकट शरीराचं कुणाला नवल नव्हतं. अर्जुन नाच शिकवणारी बृहन्नडा झाला आणि धनुष्याच्या दोरीने पडलेले घट्टे त्याने बांगड्यांखाली झाकले. नकुल घोड्यांपाशी, सहदेव गाईंपाशी, युधिष्ठिर फाशांपाशी, द्रौपदी वेणीफणीपाशी. प्रत्येकाने आपल्या अंगच्या गुणांच्या जवळचंच काम निवडलं, म्हणजे गुण दिसले तरी त्याला कारण तयार होतं. शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून तिथे एक प्रेत टांगलं. लपवण्याचं इतकं बारीक शास्त्र इतक्या जुन्या कथेत आहे. आणि हे सगळं धोक्यात कशाने आलं? कीचकाच्या मृत्यूने. कीचकाला नुसत्या हातांनी मारू शकतील अशी माणसं जगात होतीच किती? कथा सांगणारे सांगतात की दुर्योधनाला संशय आला तो इथे. चेहरा कुणी पाहिलाच नव्हता, कृत्य तेवढं पाहिलं.

तुझी नायिका फिजिओथेरपिस्ट आहे, हे तू अगदी योग्य केलंस, कदाचित नकळत. तिच्या हातात ताकद आहे याचं कुणाला आश्चर्य वाटणार नाही. खांद्यावरचा वळ, सुजलेलं मनगट या धंद्यात खपून जातं. शिवाय माणूस कसा चालतो हे तिच्याइतकं बारकाईने कुणी पाहत नाही. चालण्यावरून माणूस ओळखणारी यंत्रं आज आहेत. ती मुखवटा घातला की वेगळी चालू शकते, आणि कुठला सांधा किती अवघडला की चाल किती बदलते हे तिला शिकवावं लागत नाही. हे तू अकरा प्रकरणांत कुठेच वापरलेलं दिसत नाही. वापर.

चेहऱ्याबद्दल भावाला दोन गोष्टी सांग. पहिली त्याच्या बाजूची आहे. डोळ्यांभोवतीची पट्टी यंत्राला पुरती अडवत नाही. नाक, ओठ, हनुवटी सगळं उघडंच राहतं. २०२० मध्ये, सगळं जग नाकातोंडावर मास्क लावून फिरत होतं तेव्हा, अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने ८९ संगणकप्रणाली तपासल्या. मास्क असताना त्यांच्या चुकांचं प्रमाण ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि मास्कने नाक झाकलं की चुका वाढत होत्या. तेव्हा तिचा मुखवटा खाली सरकव. डोळ्यांपेक्षा नाकापासून हनुवटीपर्यंतचा भाग झाकलेला बरा. धुळीत काम करणाऱ्या बाईने नाकतोंड झाकलं तर तिला वेगळं कारणही द्यावं लागत नाही. पण तेही पुरतं संरक्षण नाही. त्यानंतरच्या प्रणाली मास्कमागचा चेहरा ओळखण्यात बऱ्याच सुधारल्या.

दुसरी गोष्ट तुझ्या बाजूची आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. चष्म्याची थट्टा आपण सगळ्यांनी केली आहे. २०१६ साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी तो प्रयोग करूनच पाहिला. अनोळखी चेहऱ्यांचे दोन-दोन फोटो दाखवून विचारलं, माणूस एकच आहे की दोन? एका फोटोत चष्मा आणि दुसऱ्यात नाही, एवढ्याने लोकांची अचूकता सुमारे ६ टक्क्यांनी घसरली. अनोळखी चेहरा ओळखण्यात माणूस मुळातच कच्चा आहे. आता याच्या उलट बाजू पाहा. १९९९ साली ग्लासगोमध्ये झालेल्या प्रयोगात सुरक्षा कॅमेऱ्याचं अगदी धूसर चित्रण दाखवलं होतं. त्यातल्या प्राध्यापकांना त्यांचे विद्यार्थी सहज ओळखत होते. ज्यांची त्यांच्याशी ओळख नव्हती ते चाचपडत होते, आणि त्यात अनुभवी पोलीसही होते.

म्हणजे तुझ्या नायिकेला धोका कुणापासून आहे ते कळलं का? तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापासून कमी आहे. तो अनोळखी आहे. धोका शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्यापासून आहे, शाळेतल्या मैत्रिणीपासून आहे, आणि सर्वांत जास्त त्या पाचव्या प्रकरणातल्या पेशंटपासून आहे. तो पेशंट तू एका प्रसंगापुरता आणून सोडून दिलास. त्याला परत आण. समज, एका रात्री तो स्वतःच ढिगाऱ्याखाली सापडतो. अंधार आहे, धूळ आहे, मुखवटा आहे, चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. ती त्याच्या मानेखाली हात घालते आणि म्हणते, "श्वास सोडा. अजून. आता मी हलवते." गेले सहा महिने आठवड्यातून तीनदा त्याने हेच शब्द, याच आवाजात, याच हातांखाली ऐकले आहेत. कुठल्याही कॅमेऱ्याला हे कळणार नाही. त्याला कळेल. आणि पुढच्या वेळी तो उपचारांना येईल तेव्हा काय बोलेल, की काहीच बोलणार नाही, यावर तुझी दोन प्रकरणं सहज उभी राहतील.

आता फोन. इथे भावाचं म्हणणं पूर्ण खरं आहे, आणि सर्वांत जास्त गोष्टही इथेच दडली आहे. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. नावं नव्हती, फक्त कुठला फोन केव्हा कुठल्या टॉवरपाशी होता एवढंच. ठिकाण आणि वेळ अशा चार नोंदी हाती असल्या तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. फक्त चार. अकरा प्रकरणांत तिने किती ठिकाणी लोकांना वाचवलं ते मोज. तेवढ्या सगळ्या ठिकाणी, त्या-त्या वेळी, जवळपास असलेले फोन कुणी शोधले तर यादीत एकच फोन उरेल.

यावर लेखक चटकन म्हणतो, मग फोन बंद करू. तसं करू नकोस. रात्रंदिवस चालू असणारा फोन नेमका दुर्घटनांच्या रात्रीच बंद असेल तर ती बंद असलेली वेळसुद्धा एक नोंदच आहे. धावपटूंची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने २०१७ मध्ये जगभरातल्या वापरकर्त्यांच्या व्यायामाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अंधाऱ्या वाळवंटात मधेच उजळून दिसणाऱ्या रेघा म्हणजे लष्करी तळांवर रोज धावणारे सैनिक आहेत. आजूबाजूला काहीच नसलं की जे असतं ते उठून दिसतं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सॉल्सबरी इथल्या विषप्रयोगाचा तपास चालू होता. शोधपत्रकारांना एका रशियन संशयिताच्या पासपोर्टची फाइल मिळाली. तिच्यात २००९ पूर्वीचा काहीच इतिहास नव्हता आणि 'माहिती देऊ नये' असा शिक्का होता. खोट्या नावाचा तो भक्कम पुरावा ठरला. कोऱ्या कागदानेच घात केला.

तुझ्या संगणकतज्ज्ञ मित्राबद्दलची माझी तक्रार हीच आहे. तो जे पुसेल तिथे पुसल्याची खूण राहील. तिच्या घरासमोरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण नेमकं तेवढंच नाहीसं झालं, तर शोधणाऱ्याला पत्ता आपणच दिला. शिवाय सगळी जबाबदारी त्याच्या अंगावर गेली की नायिकेला काही गमवावं लागत नाही. ज्या गुपिताची किंमत दुसराच मोजतो त्याची वाचकाला काळजी वाटत नाही. त्याला काढून टाक, किंवा चुका करणारा साधा मित्र राहू दे.

मग फोनचं काय करायचं? फोन घरीच राहायला हवा आणि जागाही राहायला हवा. रोजच्या वेळी चार्जिंगला लागायला हवा, साडेअकराला एखादा मेसेज वाचला जायला हवा, कधीतरी उत्तर जायला हवं. म्हणजे तिच्या गैरहजेरीत तिचं आयुष्य कुणीतरी जगायला हवं. कुणी, ते शेवटी सांगते.

ठिकाणांबद्दल आणखी एक. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बँक्सीची ओळख शोधायला २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी लंडन आणि ब्रिस्टलमधल्या १४० चित्रांची ठिकाणं नकाशावर मांडली. एरवी ही पद्धत साखळी गुन्हे करणाऱ्यांचा ठावठिकाणा शोधायला वापरतात. माणूस आपल्या राहत्या जागेच्या आसपासच वावरतो, या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. तुझी नायिकाही जिथे लवकर पोहोचू शकते तिथेच पोहोचणार. तेव्हा तिला कधीतरी जवळची हाक सोडून लांबच्या हाकेला जावं लागेल, केवळ नकाशा बिघडवण्यासाठी. जवळच्या ढिगाऱ्याखाली कोण होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळेल. हा प्रसंग लिहिताना तुझा हात थरथरायला हवा.

या बँक्सीच्या अभ्यासात आणखी एक बारकावा आहे. संशोधकांनी नाव शून्यातून शोधलं नाही. एक नाव आधीपासून चर्चेत होतं. नकाशा त्याच्याशी जुळतो का, एवढं त्यांनी पाहिलं. यंत्राचं काम बहुतेक वेळा असंच चालतं. संशय दिला तर तो तपासायला ते फार तरबेज आहे, पण पहिला संशय सहसा माणसालाच येतो. यंत्राला नुसतं सांगितलं की सगळ्यांमधून शोध, तर काय होईल? समज, एखादी प्रणाली लाखात एकदाच चुकते. एक कोटी चेहऱ्यांतून तिने शोधलं तर शंभर भलत्याच बायका पुढे उभ्या राहतील. भावाला हे गणित दाखव, त्याला पटेल.

अपवाद रक्ताचा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात चार दशकांपूर्वीच्या गुन्ह्यांचा माग लागला. वंशावळ शोधण्यासाठी लोकांनी आपणहून दिलेल्या डीएनए-माहितीत गुन्हेगाराचे दूरचे नातेवाईक सापडले, आणि तिथून घराणं खाली उतरवत पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. आधी त्याच्यावर कुणाचाही संशय नव्हता. म्हणून तुझ्या नायिकेने काहीही केलं तरी जागेवर रक्त सांडू देऊ नये, आणि कधीतरी ते सांडेलच. कधी न भेटलेल्या चुलत-चुलत भावाने हौसेने दिलेली लाळ तिला पकडून देईल, ही तलवार शेवटपर्यंत लटकत ठेव.

पण त्या शंभर भलत्या बायकांचा विषय अर्धवट सोडायचा नाही. २०१३ साली बोस्टनमधल्या मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. हौशी शोधकांनी इंटरनेटवर फोटो जुळवत एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा काहीही संबंध नव्हता. तो तेव्हा हयातही नव्हता, आणि मुलगा सापडत नाही म्हणून आधीच खचलेल्या घरावर लोक तुटून पडले. हे वाचलं तेव्हापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. तुझ्या गोष्टीतही असं होणार. लोक जिला शोधताहेत ती चुकीची सापडणार. एखादी शाळेत शिकवणारी बाई, उंची सारखी, हनुवटी सारखी. तिच्या दाराशी गर्दी जमेल; काही जण मदतीची याचना करत येतील, काही जण त्यांचं माणूस वाचलं नाही म्हणून जाब विचारायला येतील. तुझी नायिका हे बातम्यांत पाहत असेल. एक वाक्य बोलली तर त्या बाईची सुटका होईल. भाऊ विचारतो, ओळख लपेल का? तुझ्या कादंबरीने विचारायला हवं, लपवत राहावं का? मला विचारशील तर बाराव्या प्रकरणापासून पुढचं पुस्तक हेच आहे.

आता माणसांकडे येते. २०१३ सालचीच आणखी एक गोष्ट. जगभर वाचल्या जाणाऱ्या एका लेखिकेने पुरुषाचं नाव घेऊन एक रहस्यकथा छापली. गुपित कसं फुटलं? तिच्या वकिलाने विश्वासाने आपल्या बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं आणि त्या मैत्रिणीने ते जाहीर लिहून टाकलं. त्यानंतर संगणकाने शब्दांच्या सवयी तपासून दुजोरा दिला. इथेही यंत्र मागाहून आलं.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण वॉटरगेट या अमेरिकेतल्या राजकीय घोटाळ्यातलं. पत्रकारांना १९७२ पासून आतली माहिती देणारा माणूस मार्क फेल्ट हा एफबीआयमधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात त्याच्या नावाचा संशय तेव्हाच बोलला गेला होता. तरी जाहीर खात्री कुणाला झाली नाही, कारण जाणणारी माणसं मोजकी होती आणि प्रत्येकाला गप्प राहण्याचं स्वतःचं कारण होतं. २००५ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याने स्वतःच सांगितलं. संशय असूनही तीस वर्षांहून जास्त काळ गुपित टिकलं. म्हणून कुणालाही संशय येऊ नये, असा हट्ट सोड. येऊ दे. चार जणांना येऊ दे. प्रत्येक जण गप्प का राहतो ते मात्र तू लिहायला हवंस: एकाला उपकाराची जाणीव, एकाला भीती, एकीला वाटतं की बोललं तर ती यायची थांबेल.

म्हणूनच आईला काही ठाऊक नाही, हे मला मुळीच पटलेलं नाही. त्याच घरात राहणारी आई? चपलांच्या शिवणीत अडकलेली सिमेंटची धूळ तिला दिसत नाही? पहाटे वाजणारा नळ ऐकू येत नाही? तो डोळ्यांवरचा मुखवटा परक्यांसाठी आहे. ग्लासगोतल्या विद्यार्थ्यांनी धूसर चित्रात मास्तर ओळखले, तर आई लेकीला पाठमोरी ओळखेल. तिला पहिल्या व्हिडिओपासूनच कळलेलं असू दे. ती विचारत नाही, लेक सांगत नाही. आणि त्या रात्रींना तो फोन तीच सांभाळते. कुणी नेमून दिलेलं नाही. एकदा लेक घाईत फोन विसरून गेली, तो वाजला, आईने पाहिला, आणि पुढच्या रात्रीपासून लेकीने तो मुद्दाम विसरायला सुरुवात केली. यावर दोघी कधीच बोलल्या नाहीत.

बारावं प्रकरण तिथून सुरू कर. रात्रीचे पावणेतीन. आई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली आहे, पुढ्यात लेकीचा फोन. कुठेतरी पूल पडल्याची बातमी येऊन दीड तास झाला आहे. फोन उजळतो. लेकीच्या सहकाऱ्याचा मेसेज आहे, नुसतं 'जागी आहेस?' एवढंच. आई चष्मा चढवते. लेक अशा वेळी 'हो' लिहिते की 'हो रे', शेवटी टिंब देते की देत नाही, हे तिला ठाऊक नाही. जुने मेसेज वर सरकवून ती शोधायला लागते, आणि तिला ठाऊक नसलेलं लेकीचं अर्धं आयुष्य तिथे सापडतं.

एवढं लिहून झालं की मला पाठव.

— ताई